रोजच्या वापरासाठी लिंबाचा सेंट

३ मार्च, सोमवार. सकाळी.
मुलीने एक बाटली आणली आहे. मुलगी सेंटच्या दुकानात काउंटरवर असते. सेंट म्हटलं की ती परफ्यूम म्हणून दुरुस्त करते. पुरुषांसाठी, लिंबू-संत्र्याचा, फ्रेश, रोजच्या वापराचा. माल भरण्याआधी मालकाला दोन-चार अनुभवी माणसांचं मत हवंय. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्यासारखं नाक कोणाचं आहे?
खरं आहे. डेअरीत दूध उतरवायच्या धक्क्यावर बावीस वर्षं दुधाचे कॅन हुंगतोय. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, ‘चालेल’ किंवा ‘परत’ म्हणायचं. देव प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवतो. मला नाक दिलं.
संकल्प: रोज लावायचा. रोज प्रामाणिक नोंद. घाईने मत द्यायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
दोन फवारे. वास: नाही. हळूहळू उमलणारा असावा.

४ मार्च.
चार फवारे. उमलला नाही. मुलीला म्हटलं, कंपनीने पाणी भरलंय. ती म्हणाली, बाबा, जिन्यात अजून घमघमतोय. जिन्यात येऊन काय उपयोग, लावणाऱ्याला यायला हवा.
हल्ली कशातच राम राहिलेला नाही. साबण, उदबत्ती, कॉफी, सगळ्यांत भेसळ. गेल्या वर्षीच्या तापातून उठलो तेव्हापासून बघतोय, बायकोच्या हाताची चवसुद्धा गेली. तिला बोललो नाही. उगाच मनाला लागायचं.

६ मार्च.
आज कामावर लावून गेलो. रोजच्या वापराचा म्हणजे कामावर चाललाच पाहिजे. माझ्यासोबत कॅन हुंगणारा जोडीदार माझ्याहून वयाने लहान, मिशा मात्र मोठ्या. म्हणाला, काय नाकवाले, वरातीला निघालात का? मग हळूच म्हणाला, दादा, हुंगणाऱ्याने सेंट लावायचा नसतो. हा नियम त्याला मीच शिकवला होता. आता मलाच ऐकवतो. पण ज्याचा वास मलाच येत नाही, तो दुधाच्या आड काय येणार?
त्याची एक खोड आहे. मी कॅन पास केला की मागून तो परत हुंगतो. त्याला वर्ष झालं. कधीकधी मी पास केलेला कॅन गुपचूप बाजूलाही काढतो. मी काही म्हणत नाही. मोठ्यांचं बघून शिकतोय, शिकू दे.

९ मार्च, रविवार.
आठ फवारे. देवळात शेजारचे गृहस्थ उठून लांब खांबापाशी जाऊन बसले. बरं झालं. एकट्याचं ध्यान चांगलं लागतं.

१२ मार्च.
आतापर्यंतचं मत: सुरुवात शून्य, टिकाऊपणा शून्य. तरी मुलीला सांगितलं नाही. प्रयोग पुरा झाल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये, असं आमच्या शाळेतले गुरुजी सांगायचे. उद्यापासून शर्टावर आणि रुमालावरही.
जोडीदार आज हात जोडून म्हणाला, दादा, पाया पडतो, ती बाटली घरी ठेवा. मला कॅनमधलं काहीच कळेनासं झालंय. मी म्हटलं, तुझं लक्ष कामात नसतं. तो काहीतरी बोलणार होता. मग वाकून मी पास केलेला कॅन हुंगू लागला.
बाकी धक्क्यावर दूध फार चांगलं येतंय. वर्षभरात मला एकही कॅन परत पाठवावा लागला नाही. देवाची कृपा.

१४ मार्च.
वाईट दिवस. टाकी नासली. आंबट कॅन आत गेला आणि एका कॅनने अख्खी टाकी घालवली. सगळं दूध गटारात सोडलं. गेटपर्यंत पांढरा ओघळ. नाकाला रुमाल लावून लोक उभे होते. मला तेवढं काही वाटलं नाही, सवयीचा माणूस.
कॅन आमच्याच पाळीतला निघाला. लॅबच्या मॅडमनी दोघांना बोलावलं. मी शांतपणे सांगितलं, मी हुंगलेला नसणार. जोडीदाराचं अलीकडे लक्ष नसतं. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं.
देवापुढे त्याच्यासाठी हात जोडले. त्याला लहान मुलं आहेत.

१७ मार्च.
चौकशी. आज जोडीदाराने तोंड उघडलं. म्हणाला, मॅडम, वर्षभर यांचे कॅनही मीच हुंगतोय. तापापासून यांना वासच येत नाही. वाटलं, येईल परत. कशाला माणसाच्या पोटावर पाय आणायचा? पण हे सेंट लावून यायला लागले आणि माझंही नाक बसलं.
मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर दुधाचे तीन कप ठेवले. म्हणाल्या, नासकं कोणतं ते सांगा. सावकाश हुंगा.
मी तिन्ही हुंगले. मग जोडीदाराकडे पाहिलं. का, ते माहीत नाही, मान आपोआप त्याच्या मिशांकडे वळली. तो खिडकीबाहेर बघत होता.
मधला, मी म्हटलं. ठामपणे.
मॅडम म्हणाल्या, तिन्ही.

२० मार्च.
कॅन धुण्याच्या खोलीत बदली. गरम पाणी, सोडा, रबरी बूट. जोडीदाराला परत घेतलं नाही. त्याने लपवलं, म्हणून.
कामावरून तसाच त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. म्हणाली, ते झोपलेत. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभा राहून परतलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, तेही नीट जमलं नसतंच.
घरी आल्यावर मुलगी म्हणाली, मालक विचारतायत, शेवटी कसा आहे? मी बराच वेळ मनगट नाकाशी धरून बसलो. मग तिच्यापुढे केलं. म्हटलं, तूच सांग.
तिने आईकडे पाहिलं. मग वाकून, डोळे मिटून हुंगलं. म्हणाली, छान आहे, बाबा. एकदम फ्रेश. रोज लावायला हरकत नाही.
आज मी लावलाच नव्हता.