पडद्यावर ह्यांचा शेवटचा घोट

कार्तिक वद्य दशमी, रविवार. नोएडा

आपल्या निखिलच्या फिल्मला आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. आनंद व्हायला हवा होता ना? फिल्म ह्यांच्या आजारपणावर आहे, एवढंच मला माहीत होतं. शेवटी पडद्यावर मीच दिसले, ह्यांच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालताना. पाणी ओठांवरून उशीवर ओघळलं, तेही दिसलं. बनियनवर कधी दारसुद्धा न उघडणारे हे, पडद्यावर बनियनमध्येच पडलेले, आणि सगळा हॉल बघत होता. मला वाटायचं, तेव्हा निखिल माझ्या मागे उभा राहून रडत होता. तो मोबाइल धरून होता.

टाळ्या थांबेनात. बाहेर आल्यावर म्हटलं, "तेवढं पाणी घातलेलं काढून टाक रे."

"आई, यार, तोच सीन तर ज्यूरीला आवडला! आता कसा काढू?"

ते ओघळलेलं पाणी... पुसायचंही सुचलं नव्हतं मला.

मुलाच्या हातचं पाणी मिळावं म्हणून मी त्याला हाक मारली होती. "तूच घाल, आई," म्हणाला. त्याला बघवत नसेल, असंच मी धरून चालले.

माझ्या वेळी कोणाला हाक मारायची?