एप्रन काढून

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपासण्यांचे निकाल आले. तुझं-माझं रक्त जुळलं, माझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, त्यातलं एक तुला देता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आनंदानं उठणार तोच त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. एवढ्या वजनाच्या माणसावर शस्त्रक्रिया करणार नाही, आधी बारीक होऊन या, म्हणाल्या.

माझ्या ढेरीपायी तू आणखी त्या डायलिसिसच्या मशीनला अडकून राहावंस, याची फार लाज वाटते गं. आजपासून केक, लोणी, क्रीम सगळं बंद! बेकरीवाल्याच्या तोंडून हे ऐकून बायको हसत सुटली. मला काही हसू आलं नाही.

भावोजींना नमस्कार. रागवू नकोस, माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ढब्या

२० फेब्रुवारी

चि. ढब्यास,
अ. उ. आ.

तुझे भावोजी परवा तुमच्या बेकरीत डोकावून आले, त्यांनी सगळं सांगितलं. तू म्हणे गिऱ्हाइकांवर खेकसतोस, ताटात नुसता उकडलेला कोबी घेतोस आणि सफरचंदाचा केक भट्टीतून काढताना तुझे डोळे भरून येतात. एवढं करून वजनाचा काटा उलट पुढेच सरकला, हे ऐकून मला आधी हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

माझी काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मशीनवर पडून राहायचा वीट आलाय. पाणीसुद्धा घोट मोजून प्यावं लागतं. भीती वाटते. तरी उपाशी मरू नकोस. मला माझा भाऊ अख्खा हवाय, त्याचं नुसतं मूत्रपिंड नको. कुठेतरी पाणी मुरतंय. बायकोला विचार, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

पत्र पाठवत जा. तुझ्या खुशालीवरच माझी झोप अवलंबून आहे.

तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं आणि फसलो. दुसऱ्या दिवशी तिनं बिस्किटांचा रिकामा डबा माझ्यासमोर ठेवला. काम करताना जे जे तोंडात टाकशील ते आज यात टाक, म्हणाली. मी काही खातच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

तुला माहीतच आहे, केक चौकोनी कापला की कडा उरतात. क्रीम चमच्यानं पाहावं लागतं, पावाचं टोक मोडावं लागतं. हे आपण कधी खाण्यात धरलंच नाही. बाबासुद्धा त्याला कामच म्हणायचे. दुपारपर्यंत डब्याचं झाकण लागेना! बायको नुसती डब्याकडे बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता नवा कायदा आहे. एप्रन अंगावर असताना चवीपुरता एकच चमचा. बाकी आवडेल ते खायचं, पण एप्रन काढून, बशीत घेऊन, बसून. त्या गाठी सोडायचा इतका कंटाळा येतो, की बरेचदा भूक नव्हतीच हे तेव्हा कळतं. संध्याकाळी मात्र सफरचंदाच्या केकचा तुकडा खातो, क्रीमसकट. ताई, किती वर्षांनी त्याची चव कळली! आणि हे पत्र एका हातानं पॅन्ट सावरत लिहितोय.

कोबी सुटला, तुझा लोभ सुटू नये.

तुझा,
ढब्या

११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या! पुढच्या महिन्याची तारीख दिली. काय काय सोडलंत, असं कौतुकानं विचारत होत्या. उभ्यानं खाणं, असं सांगितलं. बॅग भरून ठेव. बाकी भेटीअंती.

तुझा,
ढब्या

७ ऑक्टोबर

चि. ढब्यास,
अ. उ. आ.

तुझं मूत्रपिंड माझ्या पोटात मजेत आहे. तुझ्यासारखंच, कुठेही नेऊन बसवलं तरी घरच्यासारखं वागतं. तुझी जखम भरली ना? पिठाची पोती उचलू नकोस, मला सगळं कळतं.

काल तुझी बायको येऊन गेली. जाताना तो डबा ओट्यावर ठेवून गेली. उघडते तर आत सफरचंदाच्या केकच्या कडा, खरपूस भाजलेल्या. आता मला असलं थोडं खायची मुभा आहे. एक उचलून तोंडात घालणार, तेवढ्यात अंगावरच्या एप्रनकडे लक्ष गेलं. मग मुकाट्यानं गाठ सोडली, बशी घेतली, काठोकाठ पाण्याचा ग्लास भरला आणि खुर्चीवर बसले.

तुझे भावोजी आत आले आणि घाबरून विचारू लागले, रडतेस का? त्यांना म्हटलं, अख्खा ग्लास प्यायले आणि घोट मोजायचे विसरले.

आता तुलाच उदंड आयुष्य मागते, तू सुखरूप राहा.

तुझी,
ताई