माझ्या आवाजाची वाटणी

मी खाली सही करणारी, वय अठरा पूर्ण, राहणार इस्त्रीच्या दुकानामागची खोली, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी मागे लागलेलं नसताना हे लिहिते. उद्या माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. म्हणून मी मेले नाही तरी हे मृत्युपत्र ऑपरेशन झाल्याबरोबर लागू धरावं. याआधी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. मोबाइल आईला. काच तडकलीय, बोट जपून लावायचं. इअरफोनचा उजवाच कान चालतो. आईला वाचता येत नाही. जी पुस्तकं मोबाइलवर ऐकायला मिळत नाहीत ती मी तिला दुकानात वाचून दाखवायचे आणि रेकॉर्ड करून ठेवायचे. ती सगळी मोबाइलमध्ये आहेत. मधेच इस्त्रीची वाफ फुसफुसते, मधेच आई बोलते, "थांब गं, ही बाई खोटं बोलतेय," नाहीतर, "या मेल्याला घरात घेतलं कुणी?" ते काहीही कापायचं नाही.

२. शाळेतल्या भाषेच्या बाईंना काही नाही. धडा वाचताना मी अडखळले की त्या म्हणायच्या, "घसरली बघा गाडी." वर्ग हसायचा. आठवीत मी जायचंच सोडलं. आई म्हणते, माफ केलं असं लिही. मी लिहीत नाही.

३. नीट वाचायला मी नंतर शिकले. कानात पुस्तक लावायचं, तेच समोर उघडायचं आणि आवाजाच्या मागोमाग बोट फिरवायचं. कानातला माणूस हसत नाही. थांब म्हटलं की थांबतो. ही युक्ती ज्याला हवी त्याने घ्यावी, वारस लागत नाही.

४. आमचा 'कानवाचक' ग्रुप. रविवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर जमायचं आणि प्रत्येकाने एक पुस्तक सुचवायचं, त्यातलं थोडं वाचून दाखवायचं. मी माझं मोबाइलवर लिहून पाठवायचे आणि गप्प बसायचे, म्हणून मला 'मुकी' म्हणतात. आता नावाला शोभेन. ग्रुप चालवतात रिटायर झालेले मास्तर, पण 'कानवाचक' हे नाव दिलं ड्रायव्हरकाकांनी. मास्तरांना ते पटलेलं नाही. एकदा दोघांची जुंपली होती.

"ऐकलं म्हणा हो. वाचलं नका म्हणू."

"मास्तर, घाटात डोळा लागत होता. कानात गोष्ट चालू होती म्हणून जागा राहिलो. म्हणजे वाचलोच की मी!"

सगळे हसले. मास्तर पुढच्या रविवारी आलेच नाहीत. माझ्या मते काकांचं बरोबर होतं. तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५. बेटावरच्या दोन बहिणींचं एक पुस्तक आईला वाचून दाखवत होते, ते अर्धं राहिलंय. माझा घसा बसत गेला, मग डॉक्टरांनी माझं बोलणंच बंद केलं. आईला लिहून विचारायचं तर तिला वाचता येत नाही. शेवटी कानाशी जाऊन कुजबुजले, "दुसऱ्या कुणी वाचलं तर?"

"मला नको. राहू दे अर्धं."

ते मला चालणार नाही. उरलेली प्रकरणं मी मास्तरांच्या नावे करते. काका वाचतात तेव्हा सगळी माणसं काकांसारखीच बोलतात. मास्तर चुकले तर मागे जाऊन पुन्हा वाचतात. त्यांनी आईसमोर बसून, मोठ्याने वाचावं. आई नको म्हणाली तरी.

साक्षीदारांबद्दल. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. मास्तर सही करायलाच आले होते, पेन काढून बसले होते. त्यांनी पाचवं कलम वाचलं.

"हे खोड," म्हणाले, "म्हणजे मला सही करता येईल. माझ्याच्यानं नाही होणार हे, पोरी. आणि आई तर नको म्हणतेय."

मी मान हलवली. नाही खोडणार.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "मला काही देऊ नकोस, मी करतो सही." मास्तर कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, उशाजवळचं बहिणींचं पुस्तक उचललं आणि आईला विचारलं, "कुठपर्यंत आला होतात?"

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग तशीच, न वळता म्हणाली, "धाकटी होडीत बसलीय. तिथून."

सही: मुकी

साक्षीदार: ड्रायव्हरकाका (यांना काहीही दिलेलं नाही), वॉर्डातल्या सिस्टर

ठिकाण: खिडकीजवळची खाट

तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार