सरळ केलेली रेघ

१४ मार्च, गुरुवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. तुझ्या लेकीने विणलेली टोपी पोचली. एका कानाला पुरते. तिला मात्र छान बसली असंच सांग.

पत्रास कारण की... इथवर तीनदा लिहिलं आणि तीनदा उठून खिडकी लावून आले. खिडकी लागलेलीच होती.

आमच्या नगररचना कार्यालयाने शहराचा नवा विकास आराखडा जाहीर केला आहे. जाहीर म्हणजे जिन्याजवळच्या फळ्यावर डकवला. तू तिथे कशाला येशील? कायद्याने हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. त्यातले एकोणीस मी मूग गिळून बसले. आता अकरा उरलेत.

तुझ्या बेकरीमागून पंधरा मीटरचा रस्ता दाखवलाय. दुकान वाचतं, भट्टी जाते. बाबांनी स्वतः रचलेली भट्टी.

नकाशा मी काढला.

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. पहिल्या मसुद्यात ती रेघ तुझ्यापाशी येऊन वळत होती. मीच वळवली होती. साहेबांनी विचारलं, "बाई, इथे नाला आहे का?" मी हो म्हणाले. आपला तो बाब्या! पुढचे आठ दिवस झोप छान लागली, खोटं कशाला सांगू?

मग नियमाप्रमाणे जागा पाहायला गेले. वळवलेली रेघ शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरातून जात होती, अख्ख्या घरातून. मी टेप काढली तर त्यांनी दुसरं टोक धरलं. "राहू द्या हो मावशी," म्हटलं. तर म्हणाल्या, "एकट्या कशा मोजणार तुम्ही? रस्ता होणार ना? बरं होईल, गिऱ्हाईक वाढेल." मी आकडा लिहून घेतला, परत आले आणि रेघ सरळ केली.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भीती वाटली. सख्खी बहीण खुर्चीत असून काय उपयोग, असं तू विचारशील म्हणून.

सोबत हरकतीचा अर्ज आहे. भट्टीचा फोटो लाव, बाबांचा जुना परवाना लाव. रस्ता बारा मीटरचा केला तर भट्टी वाचते, मी मोजून पाहिलंय. तेवढंच माग. हरकतींची सुनावणी घेणारी समिती ऐकेलच असं नाही. पण रस्ता पलीकडे ढकला, असं मात्र लिहू नकोस. पलीकडे कोण राहतं ते आता तुला माहीत आहे.

आज सकाळी साहेबांना लेखी दिलं: बेकरीवाला माझा भाऊ आहे आणि नाला कधीच नव्हता. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. माझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. सुनावणीला मी टेबलामागे नसेन एवढं नक्की.

त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसेन. हवं तर बोलू नकोस माझ्याशी. पण दुसऱ्या बाकावर जाऊन बसू नकोस रे.

जागा धरून ठेवणारी,
तुझी ताई