दहाव्याचा दर

आप्पा,

तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज तुमच्याशी भांडायला बसलोय. दुसऱ्या कुणाशी भांडू? बायको बोलायची बंद झालीय, आणि गावात मान वर करून बोलायला मला तोंड उरलेलं नाही.

उभ्या आयुष्यात तुम्ही कधी आकडा सांगितला नाहीत. लग्न असो की दहावा, कुणी विचारलं, "आप्पा, किती द्यायचं?" की तुमचं ठरलेलं, "तुमच्या मनाला येईल ते." आणि लोकांच्या मनाला काय यायचं? सव्वा रुपया, नारळ, ताटातले तांदूळ. लग्नातल्या त्या कुंकू लागलेल्या अक्षता आई स्वयंपाकघरात धुऊन धुऊन दमायची, तरी आमच्या ताटात भात गुलाबीच. एकदा एका दहाव्याहून येताना मी चिडून म्हणालो, "मागून घ्या की जरा!" तर तुम्ही माझा कान पिळलात. "मेल्या घरी भाव करायचा? लाज नाही वाटत?" तो कान अजून दुखतोय, आप्पा.

मी मात्र आकडा ठरवला. अहो, काय करणार! डीजेवाला आधी ॲडव्हान्स घेतो, फोटोवाला घेतो, आणि मी मंगलाष्टकं म्हणत असतो तेव्हा मागून कुणीतरी ओरडतं, "गुरुजी, आटपा लवकर, जेवणं खोळंबलीत!" शेवटी हातात दोनशे एक्कावन्न, तेही मुलीचा मामा सापडला तर. तुमची नात राहुरीला कॉलेजात जाते. तिच्या एसटीच्या पासासाठी मी शेजाऱ्यापुढे हात पसरलाय. म्हणून आसपासच्या गावांतले आम्ही पाच गुरुजी दर ठरवायला बसलो. लग्नाचे पाच हजार, दहाव्याचे तीन. त्यातले एक म्हातारे गुरुजी म्हणत होते, दहाव्याला आकडा नको. मीच हट्टाला पेटलो. सरपणवाला घेतो, मंडपवाला घेतो, मग माझंच पोट काय देवानं भरायचं? घाटावरच्या महादेवाच्या देवळाच्या दारावर दराची पाटी मी माझ्या हातानं ठोकली.

मागच्या पंधरवड्यात पिठाच्या गिरणीमागच्या काकूंचा नवरा गेला. तुम्हाला दर दिवाळीला पायलीभर बाजरी आणून द्यायच्या, त्याच काकू. मुलगा विचारायला आला, "काका, दहाव्याचं किती पडंल?" मी पंचांगातून मान वर केली नाही. म्हणालो, "देवळात पाटी आहे, वाच." तो परत आलाच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल.

दहाव्या दिवशी सकाळी पूजेला घाटावर जातो तर मायलेक खाली बसलेले. दगडाला मोबाईल टेकवून ठेवलाय आणि मोबाईल मंत्र म्हणतोय. मध्येच मंत्र थांबले आणि बनियनची जाहिरात लागली. पोरगा हातात पिंड घेऊन जाहिरात संपायची वाट बघतोय! पायऱ्या कशा उतरलो माहीत नाही. म्हणालो, "काकू, सरका, मी करतो. मला काही नको." लहानपणापासून मला बाळा म्हणणारी ती बाई माझ्याकडे बघेना. म्हणाली, "नगं गुरुजी. आमी पाटी वाचली. फुकट करून घेतलं तर ह्यांचा जीव आडकंल."

मी तिथंच ओल्या पायरीवर उभा राहिलो. जाहिरात संपली, मंत्र पुन्हा सुरू झाले, तेही चुकीचे, वर्षश्राद्धाचे.

पाटी उपटायला पक्कड घेऊन निघालो तर बायको दारात आडवी. "काढा. आणि पोरीला तुमच्या तोंडानंच सांगा, उद्यापासून कॉलेज बंद." पक्कड खाली ठेवली. पाटी अजून तिथंच आहे. रोज तिच्याखालून देवळात जातो आणि रोज वाटतं, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं. काय करू, आप्पा? आकडा सांगावा तर काकू दिसतात, न सांगावा तर पोरगी. परवा आणखी एका घरी दहावा आहे, ते विचारायला येतीलच.

तुमचंच बरोबर होतं, असं लिहून हा कागद तुमच्या जुन्या पंचांगात ठेवून देणार होतो. पण तसं लिहवत नाही. तुमच्या दहाव्याला अकोल्याकडचे एक गुरुजी दोन एसट्या बदलून आले होते. सगळं झाल्यावर मी विचारलं, किती द्यायचं? तेही तुमच्यासारखेच हसून म्हणाले, "तुमच्या मनाला येईल ते."

खिशात दोन हजार होते, आप्पा. मी एकशे एक दिले.