लाल शेपटीचा पाहुणा

प्रिय चिमणे,

बाळाला घेऊन माहेरी यायला तू घातलेल्या अटी मी कागद कापायच्या यंत्रावर चिकटवून ठेवल्या होत्या: घरात उंदीर नको, विष नको आणि उंदीर पकडायची चिकटपट्टी तर मुळीच नको. रांगतं पोर दिसेल ते तोंडात घालतं, हे तुझं म्हणणं खरंच आहे. तरी आधी मला रागच आला. चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला उंदरांशी कसं वागायचं ते लेकीने शिकवावं?

मग गुपचूप पिंजरा आणला. आत शेंगदाण्याचा कूट, वर फडकं, आणि अडकलेला जीव उपाशी राहू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहणी. पहिल्याच दिवशी एक महाशय सापडले. त्यांना शाळेमागच्या मैदानात सोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच एक. मला शंका आली, म्हणून सोडण्याआधी पुस्तकांच्या कडा रंगवायचा लाल रंग तारांमधून त्यांच्या शेपटीला लावला. चार दिवसांनी लाल शेपटी पिंजऱ्यात हजर. तुझी आई म्हणाली, हे तर जावईबापू, पाहुणचार आवडलेला दिसतोय. हे तुझ्या नवऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

मुळात हा येतो कशाला, हे शोधताना मी सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. डबे उघडे ठेवल्याचा आळ तुझ्या आईवर घेतला. तिने हाताला धरून मला माझ्याच टेबलाशी नेलं आणि मैद्याच्या खळीचं उघडं भांडं दाखवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं मीच पंगत वाढत होतो. आता खळ घट्ट झाकणाच्या डब्यात असते. पेन्सिल शिरेल अशा प्रत्येक फटीत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपलं. लेंड्या कोरड्या झाडल्या नाहीत, त्यांची धूळ नाकात जाते. मास्क आणि हातमोजे घालून आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवल्या, मग पुसल्या. लाल शेपटीला या खेपेला नदीपलीकडच्या माळावर नेलं. गडी उतरला आणि मागे वळूनही न बघता गवतात शिरला. मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं, खरं सांगतो.

एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. जीभ रेटत नव्हती ते वेगळंच. तू आठ वर्षांची होतीस. चिकटपट्टीवर अडकलेलं पिल्लू तू तेलाचं बोट लावून सोडवत होतीस आणि मी ते तुझ्यापुढून ओढून तसंच जिवंत कचऱ्यात टाकलं. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. मी ते हसण्यावारी नेलं. चुकलो गं मी. त्या दिवशी माळावर उभा असताना मला तुझा तेव्हाचा चेहरा आठवला. गेले पंधरा दिवस झोपण्याआधी जमिनीवर चिमूटभर मैदा भुरभुरवतो आणि सकाळी वाकून बघतो. एकही पाऊल उमटत नाही. आजचा मैदा मी पुसलेला नाही. लवकर ये, त्यावर आता आमच्या नातवाचे गुडघे उमटू देत.

तुझाच,
उशिरा शहाणा झालेला बाबा