गाळलेलं औषध

३ एप्रिल
परत तेच! औषध खराब, औषध खराब — म्हणे तुमच्या मॅडमनं पाणीच दिलं. मी इथं कळंबोलीत दिवसभर ट्रकवर लोखंडी सळया चढवतो, अन् कुमुद गावाकडनं फोनवर भांडते. बायको हाय, भांडणारच. पण अंकिताला काल पुन्हा फिटचा झटका आला. तीन वर्षांची पोर आमची. गोळी गिळता येत नाही, म्हणून पनवेलच्या मेडिकलमधल्या चारुता मॅडम गोळ्या कुटून पातळ औषध करून देतात. मी बर्फात घालून करमाळ्याच्या एसटीत ड्रायव्हरकडं देतो. कुमुद डेअरीच्या फ्रीजमधी ठेवते. अठ्ठावीस दिवस टिकतं म्हणे. मग बिघडतंय कुठं?

४ एप्रिल
पनवेलच्या डॉक्टरनं औषधाचं माप वाढवलं. दोन मिलीचं चार.

९ एप्रिल
तरी झटका. हे सगळं सोडून सुरतला पळावं वाटतं. तिथं तरी काय!

१२ एप्रिल
मेडिकलमधी जाऊन ओरडलो. मॅडम शांत. "बाटली हलवून देतात ना?" तिथंच स्पीकरवर कुमुदला फोन लावला.
"हलवायची कशाला? तळाला चुन्यासारखा गाळ बसतो. मी फडक्यातनं गाळून देते. पोरीच्या घशात गाळ जायला नको."
"अहो ताई, तो गाळ म्हणजेच औषध! गोळी विरघळत नाही, नुसती मिसळते."
कुमुद — "म्हंजे मी औषध फेकलं?" रडायलाच लागली.
टँकरचं पाणी गावात सगळेच गाळून पितात. तिची काय चूक? मॅडमनं मला सांगितलं होतं — हलवून द्या. मी घाईत नुसतं हो हो केलं. तिला सांगितलंच नाही.
तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "थांबा! आता हलवून चार मिली देऊ नका, जास्त होईल!" तिथनंच डॉक्टरला फोन. म्हणाले, हलवून दोनच द्या, अन् पोरीला इकडं आणून दाखवा.

१५ एप्रिल
तीन दिवस झटका नाही! अंकिता फोनवर — "बाबा, बाटली मी हलवते."
कुमुद म्हणाली, "अवो, रागावलाय का?" मी म्हटलं, स्वतःवर.

१६ एप्रिल
सुरत राहू दे. पनवेलजवळ पळस्प्याला तिघांना पुरेल अशी खोली बघितली. एसटीत बाईला अर्धं तिकीट, पोर फुकट. एकाच बाजूचं भाडं पाठवतोय — तीनशे वीस रुपये.